केअर सेंटर बघायला जाताय? सिस्टर कोण, मावशी कोण आणि रात्री दोनला कूस कोण बदलणार, हे आधी विचारा

रात्रपाळी (धागाकर्ता)

आपल्याकडे 'नर्सिंग होम' हा शब्द फार गोंधळ करतो. नाशिकमध्ये शरणपूर रोडला किंवा गंगापूर रोडला ज्या पाटीवर तो दिसतो, ते बहुतेक वेळा बाळंतपणाचं नाहीतर ऑपरेशनचं छोटं हॉस्पिटल असतं. पेशंट चार दिवस राहतो आणि टाके काढायला परत येतो. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही शब्द याच अर्थाने आहे. अमेरिकेतला भाचा फोनवर 'आजींना नर्सिंग होमला ठेवा' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर माणूस वर्षानुवर्षं राहतो ती जागा असते.

त्या जागेचे आपल्याकडे दोन तुकडे झालेत. वृद्धाश्रम हा जो स्वतः चालतो, जेवतो, संडासला जातो त्याच्यासाठी. तिथे छत, जेवण आणि सोबत मिळते. माणूस अंथरुणाला खिळला की बरेच वृद्धाश्रम घरच्यांना बोलावून घेतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, तेवढे हात त्यांच्याकडे नसतात. ज्याच्या नाकात नळी आहे, लघवीची पिशवी आहे, जो कूसही बदलू शकत नाही, त्याला लागणाऱ्या जागेच्या पाटीवर मात्र केअर सेंटर, शुश्रूषा केंद्र, असिस्टेड लिव्हिंग, पुनर्वसन केंद्र असं काहीही असू शकतं. म्हणून पाटी सोडा आणि कोणतं काम कोणाच्या हातून होतं ते विचारा.

सिस्टर किंवा ब्रदर म्हणजे नोंदणी असलेली परिचारिका. बीएससी नर्सिंग चार वर्षांचं (पदवी आपल्याच म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची), जीएनएम तीन वर्षांचं, एएनएम दोन वर्षांचं. तिघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि तो नंबर विचारायला लाजू नये. जीडीए हा काही महिन्यांचा कोर्स केलेला मदतनीस. मावशी आणि मामा कामावरच शिकलेले असतात. अंगावर पांढरा कोट घातला की ती सिस्टर, असं होत नाही.

इंजेक्शन, इन्सुलिन, नाकातली नळी टाकणं, लघवीची नळी बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग आणि गोळ्यांचा ताळा ही सिस्टरची कामं. अंघोळ, डायपर, कूस बदलणं, भरवणं, तोंडाची स्वच्छता ही मावशी-मामांची. दुसरी यादी हलकी समजू नका. अंथरुणावरचा माणूस तीन महिन्यांनी कसा दिसेल हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

आता रात्रीचा हिशोब. पूर्ण अंथरुणावरचे १२ जण धरा. कूस बदलायला आणि डायपर बघायला दोन माणसांना एका पेशंटमागे सात मिनिटं लागतात. म्हणजे एका फेरीला ८४ मिनिटं. फेरी दर दोन तासांनी, म्हणजे १२० मिनिटांनी. उरली ३६ मिनिटं. त्यात पाणी द्यायचं, हाक आली की जायचं, चादर बदलायची आणि नोंद लिहायची. हे दोन माणसं असताना. रात्री एकच माणूस असेल तर फेरी होत नाही, फक्त लिहिली जाते.

सिडकोकर

माहितीपत्रकात '२४ तास नर्सिंग' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ काय धरायचा?

रात्रपाळी

काहीच धरू नका. गेल्या महिन्याचं ड्युटी रजिस्टर मागा आणि त्यातला रात्रीचा रकाना वाचा. रात्री सिस्टर आहे की 'ऑन कॉल' आहे? ऑन कॉल म्हणजे घरी झोपलेली. रविवारी आणि दिवाळीत कोण होतं? एकच नाव सलग दिवस आणि रात्र दोन्हीकडे दिसलं तर ते माणूस चोवीस तास उभं आहे, आणि पहाटे चारला त्याच्या हातून चूक होणारच.

दुसरी गोष्ट, कोणत्याही एका पेशंटचा कूस बदलल्याचा तक्ता बघा. १०, १२, २, ४, ६ अशा सगळ्या वेळा तंतोतंत, एकाच पेनाने, एकाच दाबाने आणि एका ओळीत लिहिलेल्या असतील तर तो सकाळी चहा पिताना भरलाय. खरा तक्ता वाकडा असतो. १०:१०, १२:२५, मध्येच 'पातळ शी झाली, चादर बदलली', शाई वेगळी, अक्षर वेगळं.

गोदाकाठ

चांगला धागा. यात 'किती मदत लागते' हे मोजायची पद्धत जोडते, कारण फी त्यावरच ठरते आणि वादही तिथेच होतात.

रोजच्या सहा कामांची एक जुनी मोजपट्टी आहे, कॅट्झची: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शी वरचा ताबा, आणि जेवणं. प्रत्येकाला एक गुण. सहा म्हणजे स्वावलंबी, दोन किंवा कमी म्हणजे बहुतेक सगळ्याला माणूस लागतं. त्याहून बारीक मोजायचं तर बार्थेल. त्यात दहा कामं आणि ० ते १०० गुण. अर्धांगवायूनंतर सुधारणा होतेय का हे बार्थेलमध्ये छान दिसतं.

मोजताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 'करू शकतात' आणि 'करतात' यांची गल्लत. फिजिओसमोर आजोबा वॉकर घेऊन वीस पावलं चालतात, म्हणून 'चालतात' असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात दिवसभर पलंगावर असतात, कारण हात धरायला कोणी नसतं. गुण 'करतात' यालाच द्यायचे. भरती करतानाचे गुण तारखेसह लिहून दोन्हीकडे एकेक प्रत ठेवा. 'त्यांची अवस्था वाढली, आता वरची फी' असं सहा महिन्यांनी सांगितलं गेलं, तर बोलायला तोच कागद उपयोगी येतो.

उलटही खरं आहे. घरचे लोक भरती करताना गुण वाढवून सांगतात. 'रात्री एकदाच उठतात' म्हणतात आणि ते पाच वेळा उठणारे असतात. मग तिसऱ्या रात्री पडतात.

फिजिओ_इंदिरानगर

पडणं निघालंच आहे तर पलंगावरून व्हीलचेअरवर घेण्याबद्दल. या एकाच हालचालीत पेशंटचा खांदाही जातो आणि मावशीची कंबरही.

अर्धांगाचा पेशंट असेल तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी, साधारण ३० ते ४५ अंशांत. दोन्ही ब्रेक लावलेले, पायठे (पाय ठेवायच्या पट्ट्या) वर केलेले. पायठे खाली राहिले तर नडगी सोलते, आणि मधुमेह असला तर ती जखम महिनोन्‌महिने चालते. पलंग खुर्चीच्या उंचीला आणायचा. पेशंटला काठावर बसवून दोन मिनिटं थांबायचं, कारण उभं राहिल्यावर बीपी पडतं. आडवं असताना मोजा, उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना गोळ्यांचं विचारायलाच हवं.

मग पाय जमिनीवर सपाट, मदत करणाऱ्याचा गुडघा पेशंटच्या कमजोर गुडघ्यासमोर टेकलेला, हात कमरेच्या पट्ट्याला. 'एक, दोन, तीन, उठा' आणि पेशंटने पुढे वाकायचं. काखेत हात घालून उचलायचं नाही. लुळ्या हाताला ओढायचं तर अजिबात नाही. त्या बाजूचे स्नायू सैल असतात, खांद्याचा सांधा खाली उतरतो आणि पुढे महिनोन्‌महिने त्या दुखण्यामुळे व्यायाम बंद.

बाथरूम बघताना दांडी भिंतीत स्क्रूने बसवलेली आहे की चिकटवलेली, ते हलवून बघा. उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच. आणि नुसत्या मोज्यांवर फरशीवर चालवणं बंद करा. थंडीत पाय गार पडतात म्हणून प्रेमाने मोजे घालतात आणि तिथेच घसरतात.

ड्रेसिंगट्रॉली

बेडसोअरवर कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून सविस्तर लिहितो.

पाठीची जखम बाहेरून आत जाते असा समज आहे. बऱ्याचदा उलट होतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, रक्त पोचत नाही, आणि आतलं मांस आधी मरतं. वर दिसतो तो फक्त लालसर डाग. माकडहाड, ढुंगणाची दोन्ही हाडं, मांडीच्या बाहेरचं हाड, टाचा, घोटे, आणि नळी किंवा ऑक्सिजनचा मास्क असेल तर कानामागे आणि नाकपुडीवर, या जागा रोज उजेडात बघायच्या.

डाग दिसला की बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिला तर ती पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने बघावं लागतं: शेजारच्या कातडीपेक्षा तो भाग गरम, टणक किंवा लिबलिबीत लागतो का? दुसऱ्या पायरीला कातडी सोलते किंवा फोड येतो, तिसरीला चरबी दिसते, चौथीला स्नायू किंवा हाड.

कूस म्हणजे पूर्ण नव्वद अंशात आडवं करणं नाही. तसं केलं की सगळं वजन मांडीच्या हाडावर येतं. ३० अंश पुरेत: पाठीमागे उशी, एक मांड्यांच्या मध्ये. मग आपला हात माकडहाडाखाली सरकवून बघा, हाड गादीला टेकत नसेल तर बरोबर. टाचांसाठी पोटरीखाली लांब उशी, टाच हवेत, खालून कागद आरपार गेला पाहिजे. डोक्याकडची बाजू जेवणानंतरचा तास सोडला तर ३० अंशांच्या वर ठेवू नये, कारण माणूस हळूहळू खाली घसरतो आणि कातडी एकीकडे, हाड दुसरीकडे असं होऊन आतल्या रक्तवाहिन्या ताणतात. वर घेताना दोघांनी आडव्या चादरीने उचलायचं. काखेत धरून ओढलं की तेच घर्षण.

एअर बेड आला म्हणजे कूस बदलणं संपलं असं नाही, वेळ थोडा वाढवता येतो एवढंच. त्यावर एकच पातळ चादर. लोक वर रबरशीट, मग गोधडी, मग दोन अंडरपॅड घालतात. मग तो साधा पलंगच झाला. पंपावरचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं, 'कडक बरं' म्हणून पूर्ण फिरवायचं नसतं. तपासायचं असेल तर माकडहाडाच्या जागी गादीच्या खालून तळहात घाला. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.

जुनं_नाशिक

मेडिकलमध्ये मिळते ती गोल रबरी रिंग आणि टाल्कम पावडर राहिली. आणि लाल झालेल्या जागेला तेल चोळणं.

ड्रेसिंगट्रॉली

तिन्ही बंद करा, जुनं_नाशिक. रिंग मधल्या भागावरचा भार काढते पण कडेच्या गोलाकार भागाचं रक्त अडवते, म्हणजे एका जखमेऐवजी बांगडीएवढी जखम. पावडर घामात आणि लघवीत भिजून तिचे गोळे होतात आणि ते वाळूसारखे घासतात. लाल झालेल्या हाडावर चोळलं तर आत आधीच दुखावलेलं मांस आणखी फाटतं. आजूबाजूला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

डायपरच्या जागेला झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात. दर वेळी खरवडून काढायचं नाही, वरची घाण पुसायची आणि थर पुन्हा लावायचा. एकावर एक दोन डायपर घालायची जी युक्ती आहे, ती रात्रपाळीला माणूस नसल्याची कबुली समजा.

जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला १.२५ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या आजींना साधारण ६३ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. वरणाच्या पाण्यावर ठेवलेल्या पेशंटची जखम कुठल्याही मलमाने भरत नाही. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या.

केमिस्ट_पंचवटी

गोळ्या-इन्सुलिनकडे वळतो. एक गोष्ट प्रत्येकाने डोळ्यांनी बघून घ्यावी.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलीचं मिळतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनाची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलीची असते, आणि १०० च्या बाटल्याही मिळतात. त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने '१० च्या रेघेपर्यंत' औषध ओढलं तर आत जातात २५ युनिट. अडीचपट! उलट ४० ची बाटली आणि केशरी टोपण झालं तर १० च्या जागी ४ जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसतात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. हे काम मावशीला द्यायचं नाही ते यासाठी.

गढूळ इन्सुलिन हलवायचं नाही, तळहातांत दहा-एक वेळा लोळवायचं. बाटली उघडल्याची तारीख त्यावर लिहायची, साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची. एप्रिल-मेमध्ये खोलीत ठेवू नका, फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि जेवणाचं ताट तयार आहे हे बघून मगच सुई. म्हातारी माणसं दोन घासांत 'पुरे' म्हणतात, आणि इन्सुलिन परत काढता येत नाही. अशांसाठी जेवणानंतर टोचता येईल असं इन्सुलिन आहे का, ते डॉक्टरांना विचारून ठेवावं.

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर, गिळतोय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन सपाट चमचे, पाण्यातून. १५ मिनिटांनी परत मोजायची. शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. सिस्टरने शिरेतून ग्लुकोज द्यायचं आणि १०८ ला फोन.

गोळ्या कुटण्याबद्दल: नावाच्या शेवटी एसआर, एक्सआर, सीआर असेल तर कुटायची नाही, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. पँटोप्राझोलसारख्या गोळीचं आवरण फोडलं तर पोटातलं आम्ल औषधच खाऊन टाकतं. नळीतून द्यायचं असेल तर आम्हाला विचारा, बऱ्याच औषधांचं सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. सगळ्या गोळ्या एकाच खलबत्त्यात कुटून एकत्र देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एकेक गोळी वेगळी, मध्ये थोडं पाणी.

गोदाकाठ

नाकातल्या जेवणाच्या नळीचं पूर्ण करते. नाकाशी नळीवर जिथे खूण आहे ती दर वेळी बघायची. खूण बाहेर सरकली असेल तर काहीही न देता सिस्टरला हाक. स्टेथो लावून हवा सोडून 'आवाज आला, बरोबर आहे' म्हणतात, तो भरवशाचा पुरावा नाही, नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ओढलेल्या द्रवाचा पीएच पट्टीवर ५.५ किंवा कमी आला तर पोटात आहे.

डोकं ३० ते ४५ अंश वर, एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता उंचावरून आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. नेमकी त्याच वेळी डायपर बदलायची फेरी येते, म्हणून वेळापत्रक लावतानाच डायपर आधी, फीड नंतर.

तोंडाने खाणाऱ्यांचं जास्त अवघड आहे. ठसका लागतो म्हणून घरचे 'पातळ करून द्या' सांगतात. गिळण्याचा त्रास असलेल्याला साधं पाणीच सगळ्यात धोक्याचं, कारण ते घशात चटकन उतरतं आणि श्वासनलिकेचं झाकण वेळेवर बंद होत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन जातींचं मिश्रण: दूध-पोळी, ताक-भात, चहात बुडवलेलं बिस्कीट. पाणी आधी सुटतं आणि घास मागे राहतो. एकसारखं दाट हवं, चमचा उलटा केला तर लगेच न सांडणारं. मऊ खिचडी घोटून, नाचणीचं दाट सत्त्व, घट्ट दही. सरळ ९० अंशात बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, घास उतरला हे बघून पुढचा. भरवणाऱ्याने बसून भरवावं. उभं राहून भरवलं की पेशंट मान वर करतो आणि श्वासनलिका उघडी पडते.

जेवणानंतर आवाज ओला, घोगरा झाला तर खोकला नसला तरी काहीतरी खाली गेलंय. हे वाक्य प्रत्येक मावशीला पाठ असायला हवं.

सिडकोकर

अजून एक. एखादं माणूस परवापर्यंत नीट बोलत होतं, आज मुलाला ओळखत नाही. सेंटरवाले म्हणतात 'वय झालं, विसरायला लागलेत'. हे असं एकदम होतं का?

रात्रपाळी

नाही. विसरभोळेपणाचा आजार महिन्या-वर्षांत वाढतो. दोन दिवसांत झालेला गोंधळ, सकाळी बरा आणि संध्याकाळी भयंकर, याला डेलिरियम म्हणतात आणि तो दुसऱ्या कशामुळे तरी झालेला असतो. लक्ष टिकतं का बघायचं: 'शनिवारपासून वार उलटे म्हणा'. शनिवार, शुक्रवार म्हणून तिसऱ्याला भरकटले तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

शोधायचं कुठे? लघवी तुंबलीय का (नळी असली तरी वळून दबलेली असते), चार दिवसांत शी झालीय का, सोडियम उतरलंय का, छातीत कफ, नवीन झोपेची गोळी, पाणी कमी. आणि हमखास विसरलं जाणारं कारण म्हणजे चष्मा आणि कानाचं मशीन कपाटात. ताप यायलाच पाहिजे असं नाही, म्हाताऱ्या शरीरात न्यूमोनियासुद्धा तापाशिवाय येतो. आरडाओरड करणारा लगेच लक्षात येतो, पण गप्प गप्प पडून राहणारा 'आज शांत आहेत' म्हणून सुटून जातो.

आणि या गोंधळातच हात बांधले जातात, नळी ओढतात म्हणून. बांधणं हा शेवटचा उपाय, डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय नाही, ठरावीक मुदतीपुरता, मध्ये मध्ये सोडून मनगट बघून. आधी करून बघायच्या गोष्टी: नळी गरजेची आहे का, टेप खाजवतेय का, हाताला कापडाचा मऊ मोजा, उजेड, ओळखीचा माणूस शेजारी. भेटीला गेलात की मनगटावर वळ आहेत का ते गप्पा मारता मारता बघून घ्या.

कागदवाला

करारपत्राकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो. 'महिन्याची फी' या शब्दात काय काय नाही ते विचारायचं: डायपर, औषधं, नळीचं फीड, फिजिओ, डॉक्टरांची भेट, एअर बेडचं भाडं, सलूनवाला, स्पेशल मावशी. मग पेशंट हॉस्पिटलमध्ये आठ दिवस गेला तर पलंगाचे पैसे चालू की बंद, अनामत किती दिवसांत परत, सोडून जाताना किती दिवस आधी सांगायचं. रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं आणि घरचा एकच निर्णय घेणारा माणूस कोण, हेही लिहून द्या. तीन भावांचे तीन नंबर दिले की तीन उत्तरं येतात.

आरोग्य विम्यावर फार आशा ठेवू नका. अंघोळ, कपडे, भरवणं अशा देखभालीचा खर्च विमा नियामकाच्या ठरीव वगळणुकीतच बसतो. ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत, पण ते हॉस्पिटलमधल्या उपचारांना.

मुलं खर्च देत नसतील तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे, न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे. कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. घर मुलाच्या नावावर 'सांभाळण्याच्या अटीवर' केलं असेल आणि तो सांभाळत नसेल तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट कागदात लिहिलेली असेल तर काम सोपं, म्हणून लिहा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छा असेल तर ती आधीच लिहून ठेवायची (लिव्हिंग विल) प्रक्रिया २०२३ पासून सोपी झालीय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पूर्वी न्यायदंडाधिकारी लागायचे. प्रत सेंटरच्या फाइलमध्येही ठेवा, घरच्या कपाटात असलेली पहाटे तीनला कोणाला सापडत नाही.

जुनं_नाशिक

थंडीचं राहिलं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा गरम पाण्याची पिशवी निघते. मधुमेहाने बधिर झालेल्या किंवा अर्धांगाच्या पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो. पिशवीने अंथरूण आधी गरम करा आणि माणूस झोपला की काढून घ्या. थंडीत पाणी पिणंही निम्म्यावर येतं, लघवी गडद दिसली की समजा. ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिली, म्हणजे दिवसाला ६०० मिली तरी व्हायला हवी.

आणि लाइट! एअर बेडचा पंप बंद पडला की गादी हळूहळू बसते, खाली नुसता लोखंडी पलंग असेल तर पेशंट पट्ट्यांवर. खाली फोमची गादी हवीच. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) इन्व्हर्टरवर चालतो का ते विचारा आणि ऑक्सिजनचा सिलिंडर कुठला आहे तेही. १५०० लिटरचा छोटा दोन लिटरच्या प्रवाहावर साडेबारा तास जातो, ७००० चा जम्बो दोन दिवसांहून जास्त. 'सिलिंडर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, त्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा आणि तो उघडायची चावी बघा. चावी बहुतेक वेळा कुलूपबंद खोलीत असते.

सिडकोकर

घरी ठेवलं तर डायपर आणि सुया घंटागाडीत कशा द्यायच्या?

ड्रेसिंगट्रॉली

डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून, ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे. सुई कधीच पिशवीत नाही, सफाई कामगाराच्या हाताला टोचते. जाड प्लास्टिकचा डबा, फिनाइलच्या बाटलीसारखा. सुई टोपण न लावता थेट आत टाकायची (टोपण लावतानाच जास्त टोचतं), तीन चतुर्थांश भरला की झाकण टेपने बंद, आणि ज्या हॉस्पिटलची किंवा सिस्टरची घरभेट असते त्यांच्याकडे द्यायचा. सेंटरमध्ये मात्र जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग हवेत: ड्रेसिंगचा कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि लघवीच्या पिशव्या रिकाम्या करून लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. बघायला जाल तेव्हा लाल पिशवीत डोकावा. भरलेली लघवीची पिशवी तशीच टाकलेली दिसली तर जिने रिकामी करायची होती ती मावशी त्या वेळी कुठल्या मजल्यावर होती, ते विचारा.